शकूताईंनी न विकलेले प्रिंटर

महाडात प्रिंटर घ्यायचा असेल तर शकूताईंकडे जायचं, आणि घ्यावा की नाही हे ठरत नसेल तरी शकूताईंकडेच जायचं. अपमान दोन्ही वेळा सारखाच व्हायचा.

दुकान कोर्टाच्या मागच्या गल्लीत. बोर्डावर 'टायपिंग, झेरॉक्स, प्रिंटर विक्री व दुरुस्ती' असं लिहिलेलं. यातली विक्री बऱ्याचदा बोर्डावरच राहायची. गिऱ्हाईक उत्साहाने आत शिरायचं आणि काही वेळाने रिकाम्या हाताने, थोडं लाल होऊन बाहेर पडायचं. समोरचा चहावाला ते तोंड ओळखायचा. न सांगता चहा पुढे करायचा.

शकुंतला कदम हे त्यांचं पूर्ण नाव, पण ते फक्त लाईटबिलावर असायचं. ठेंगण्या, पन्नाशी ओलांडलेल्या, पदर कमरेला खोचलेला, चष्मा दोरीने गळ्यात टांगलेला. बाकीच्या बायका अंबाड्यात अबोली माळतात, यांच्या अंबाड्यात स्क्रूड्रायव्हर असायचा. तरुणपणी कोर्टाबाहेर टेबल टाकून टायपरायटरवर अर्ज बडवायच्या. टायपरायटर गेला तरी बोटांतला जोर गेला नाही. बोलताना समोरच्याच्या छातीवर तर्जनी आपटायची त्यांना सवय होती. पूर्णविरामाला बरगडी दुखायची.

मी पोलादपूरच्या हायस्कुलात शिक्षक. त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा रंगीत प्रिंटर घ्यायचं माझं ठरलेलं होतं. मॉडेलसुद्धा मोबाईलवर बघून ठेवलेलं.

"काय छापणार?" शकूताईंनी विचारलं.

"प्रश्नपत्रिका. मुलांचं थोडंफार. आणि..."

"आणि काय?"

"थोडं लेखन करतो मी."

"कविता?"

मी मोबाईल खिशात ठेवला. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवून मला एकदा नीट पाहिलं.

"मास्तर, कवितेला काळी शाई पुरते. काळ्यात वाचवत नसेल तर दोष प्रिंटरचा नाय."

मग उलटतपासणी सुरू झाली. रोज छापणार का? परीक्षेपुरतं? सुट्टीत काय करणार? घरात हात कोण लावणार? ठेवणार कुठे?

"खिडकीखाली," मी म्हणालो.

"पोलादपूरला? खिडकीखाली?" त्या एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की झेरॉक्सला आलेल्या एका माणसाने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "पावसाळ्यात कागद पापडासारखा वळतो, माहीत हाय ना? आत जाऊन अडकणार, तुम्ही ओढणार, अर्धा हातात नि अर्धा पोटात. कागद कपाटात ठेवायचा, पिशवीत बांधून. आणि प्रिंटरवर फडकं टाकायचं. उबेला पाल येऊन बसते. पाल शाई पीत नाय, पण कागदाबरोबर बाहेर येते."

रंगीत प्रिंटरचा विषय मी एकदा पुन्हा काढून पाहिला.

"शाईचा प्रिंटर म्हणजे सासुरवाडी," त्या म्हणाल्या. "अधूनमधून जात राहिलात तर गोडी. महिनोन्महिने फिरकला नाहीत की सगळं सुकतं. मग नुसत्या रेघोट्या. तुम्ही परीक्षेला छापणार आणि मग विसरणार. तुम्हाला लेझर घ्या, काळा. त्यात भुकटी असते. ती सुकणार कशी? आधीच सुकलेली हाय."

मी काळा लेझर घेऊन एसटीत बसलो. माझ्या आवडीनिवडीला इतक्या कमी वेळात कुणीही निकालात काढलं नव्हतं. आणि मी विवाहित आहे.

त्यानंतर महाडला गेलो की त्यांच्याकडे डोकावायची सवय लागली. टोनर, म्हणजे ती काळी भुकटी, भरायचं निमित्त असायचं. खरं कारण एवढंच, की दुसऱ्याचा अपमान होताना बघायला मजा यायची.

त्यांचा नवरा वसईला कंपनीत होता. दोघांचं भांडण नव्हतं, घटस्फोट नव्हता. गर्दीत राहायचं नाही म्हणून त्या गेल्या नाहीत आणि गावात राहायचं नाही म्हणून ते आले नाहीत. ते गणपतीला यायचे, आरतीला टाळ वाजवायचे, गौरी गेल्या की जायचे. एका वकिलीणबाईंनी सहानुभूतीने विषय काढला तेव्हा शकूताई म्हणाल्या, "आमचा नवरा डेमो पीस हाय. गणपतीत काढून दाखवायचा, परत खोक्यात. म्हणून तर टिकला." वकिलीणबाई नंतर कितीतरी वेळ स्वतःच्या नवऱ्याबद्दल गंभीरपणे विचार करत होत्या, असं चहावाल्याचं म्हणणं.

त्यांचा सल्ला नेहमी बरोबर असायचा, असा माझा समज होता. त्यांचाही होता. तो दोन वेळा खोटा ठरला आणि दोन्ही वेळा मी तिथे हजर होतो.

एका पतसंस्थेच्या चेअरमनसाहेबांनी त्यांना बोलावलं. संस्थेचं नाव सांगत नाही. नाव सांगितलं की अर्धा तालुका माझ्याशी भांडायला येईल आणि उरलेला अर्धा कर्ज मागायला. चेअरमनना प्रत्येक टेबलावर एकेक रंगीत प्रिंटर हवा होता आणि स्वतःच्या केबिनमध्ये सगळ्यांत मोठा. माझं तिथे पगाराचं खातं असल्याने मी काउंटरपाशी उभा होतो. शकूताई हॉलमधल्या बाकावर चहाचा ग्लास घेऊन बसल्या आणि सगळी सकाळ नुसत्या बघत राहिल्या. कोण काय छापतं, किती छापतं, छापलेलं कोण वाचतं. मग उठल्या.

"हॉलमध्ये एक दणकट काळा लेझर ठेवा, सगळ्यांच्या कॉम्प्युटरला जोडून. पासबुकाला तो करकर वाजणारा, सुयांनी ठोकून लिहिणारा ठेवा. जाड पुस्तक त्याच्यातच सरळ जातं. बाकीची टेबलं पुसून घ्या."

"आणि माझ्या केबिनमध्ये?" चेअरमननी विचारलं.

"साहेब, तुमच्या केबिनमध्ये कागद आत जाताना बघितले मी. बाहेर येताना एक नाय बघितला. प्रिंटर कशाला?"

कारकुनांनी ग्लासात तोंडं घातली. चेअरमन हसले, पण त्यांचे कान हसले नाहीत. त्यांनी सगळे प्रिंटर दुसरीकडून मागवले, प्रत्येक टेबलावर एक, आणि केबिनमध्ये एक असा धिप्पाड की त्याला वेगळं टेबल लागलं. शकूताई मग कितीतरी दिवस वाट बघत होत्या, कधी हे बिघडतात आणि कधी आपल्याकडे माणूस येतो. माणूस आला नाही. प्रिंटर उत्तम चालले. पतसंस्था वाढली. केबिनमधल्या प्रिंटरवर साहेबांच्या वाढदिवसाची शुभेच्छापत्रं इतकी सुरेख निघाली, की त्यातलं एक शकूताईंनाही आलं. ते त्यांनी उलटं करून त्याच्या पाठीवर टोनर मिळेल असं लिहिलं आणि दारावर चिकटवलं.

"रंग बरा उठलाय," एवढंच त्या म्हणाल्या.

दुसरी चूक डोंगरावरच्या कुडपण गावची. तिथला दगडूभाऊ मुंबईतली नोकरी सोडून गावी परत आला होता. धबधबे बघायला येणाऱ्या पाहुण्यांची राहायची सोय करायची, गुरं आणि शेती सांभाळायची, आणि सोबत वाडीतल्या लोकांना ऑनलाईनचे कागद काढून द्यायचे, असा त्याचा बेत. लोकांना एका कागदासाठी पोलादपूर गाठावं लागायचं, दिवस जायचा. शकूताईंनी त्याला हौसेने लेझर दिला. दणकट, काळा, अस्सल. "हा तुझ्या म्हशीपेक्षा जास्त दूध देईल," असा आशीर्वादही दिला.

थोड्याच दिवसांत त्याचा फोन आला. मी दुकानात होतो. शकूताईंनी फोन स्पीकरवर टाकला.

"ताई, तुमचा डबा चालू केला की वाडीतला उजेड पिवळा पडतोय."

"म्हणजे?"

"म्हंजे बल्ब असा दिव्यावानी होतो. टीवी बंद पडतो. आवशी म्हंतेय, शिरेल बगू दे, मंग काय छापायचा तो छाप. काल म्हातारा पाटील दांडका घेऊन आला व्हता."

लेझर तापायला लागला की वीज ओढतो. महाडात ते कळत नाही. डोंगरावर, शेवटच्या खांबावर, ते साऱ्या वाडीला कळतं. शकूताईंनी फोन ठेवला. काही वेळ स्क्रूड्रायव्हरने पाठ खाजवत बसल्या. मग शटर ओढलं, शाईच्या टाकीवाला छोटा प्रिंटर खोक्यात भरला आणि मला म्हणाल्या, "मास्तर, सुट्टी हाय ना? चला. खोका धरायला माणूस पायजे."

पोलादपूरहून वर चढणाऱ्या जीपमध्ये मी खोका मांडीवर घेऊन बसलो. वळणावळणावर त्या मला बजावत होत्या, "आडवा नका करू, शाई सांडेल." प्रिंटर सरळ राहिला. मी आडवा झालो.

वाडीत पोचलो तर दगडूभाऊच्या पडवीत निम्मं गाव जमलेलं. पाटील दांडक्यासकट. दगडूची आई पुढे आली आणि म्हणाली, "तू काय गो ती डबेवाली? माजी शिरेल घालवलीस."

आता शकूताई या बाईला झोडपणार, असं मला वाटलं. त्या खाली बसल्या, लेझर सोडवला, नवा लावला, शाईच्या बाटल्या ओतल्या. चारी रंगांची एकेक रेघ असलेला कागद सरसर बाहेर आला. सगळ्यांनी माना वर करून बल्बकडे पाहिलं. बल्ब जसाच्या तसा होता.

"रोज एक कागद काढ," त्या दगडूला म्हणाल्या. "काम असो नसो. नायतर शाई सुकेल."

"काय काढू?"

"आईचा फोटो काढ. रोज. म्हणजे ती शिरेल विसरेल."

परतीच्या वाटेवर मी धीर करून म्हटलं, "शकूताई, यावेळी चुकलंच म्हणायचं तुमचं."

"माझं काय चुकलं? प्रिंटर बरोबर होता. लाईट चुकली." मग खोक्यातल्या लेझरवर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "जागा बघायला आधी यायला पायजे होतं मी." तर्जनी त्या दिवशी कुणाच्याच छातीवर आपटली नाही. त्यानंतर मात्र डोंगरावरचं गिऱ्हाईक आलं की त्या पहिला प्रश्न विचारायच्या, "तुमच्याकडे बल्ब कसा जळतो?" माणसाला कळायचं नाही आपण कुठल्या दुकानात आलो.

मग पूर आला. सावित्री नदी दर पावसाळ्यात थोडी गावात येतेच. महाडकर तिला पाहुणीसारखं वागवतात, पायरीपर्यंत आली तर आली. त्या वर्षी ती पायरीवर थांबली नाही. मी पोलादपूरला अडकलेलो, कशेडी घाटात दरड आली म्हणून ट्रकांची रांग आमच्या दारापर्यंत. त्यामुळे पुढचं मी पाहिलेलं नाही, हुसेनभाईंनी सांगितलेलं आहे. हुसेनभाई म्हणजे शकूताईंच्या दुकानाच्या वर राहणारे शिंपी.

दिवेलागणीला पाणी गल्लीत शिरलं आणि बघता बघता गुडघ्याला लागलं. हुसेनभाई दोन माणसं घेऊन खाली धावले. दुकानात त्या वर्षीच घेतलेला मोठा रंगीत लेझर होता. शकूताईंनी आयुष्यात स्वतःसाठी घेतलेली ती एकमेव चैन. त्याच्यावर ऊन पडू नये म्हणून पडदा शिवून घेतला होता, हुसेनभाईंकडूनच.

"ताई, मोठा उचलूया! तिघं धरतो!" हुसेनभाई ओरडले.

शकूताई पाण्यात उभ्या राहून सगळ्या यंत्रांकडे बघत होत्या. गिऱ्हाईकाकडे बघायच्या तशाच.

"नको. तो जिन्यात अडकेल, तुम्ही पण अडकाल. आणि उद्यापासून लाईट नाय. लाईट नसली की तो नुसतं कपाट. तुमच्या इन्व्हर्टरवर तो एक पान काढायचा नाय. टाकीवाला घ्या, तो छोटा. कॉम्प्युटर नसला तरी तो झेरॉक्स काढतो."

"अहो पण ताई, तो एवढा..."

"हुसेनभाई, दुकान माझं हाय ना?"

छोटा प्रिंटर त्यांनी स्वतः कडेवर घेतला. कागदाचे गठ्ठे प्लॅस्टिकमध्ये बांधून माणसांच्या डोक्यावर दिले. शाईच्या बाटल्या ओच्यात. जिन्याच्या वळणावर पाय घसरला, एक बाटली निसटून खाली पाण्यात गेली. वर पोचल्यावर त्यांनी ओचा सोडून बघितलं. पिवळी गेली होती. जिन्याच्या तोंडाशी बसून त्या खाली बघत राहिल्या. मोठा लेझर टेबलासकट हलला, तरंगल्यासारखा झाला, मग तिरका होऊन आत गेला. पडदा तेवढा वर राहिला. हुसेनभाई म्हणतात, त्या वेळी ताई एकच शब्द बोलल्या आणि तो शब्द ते मला सांगू शकत नाहीत, कारण ते हाजी आहेत.

रस्ता मोकळा झाल्यावर मी बिस्किटं आणि मेणबत्त्या घेऊन गेलो. सगळीकडे चिखल. जिन्यावर मात्र रांग लागलेली, खालपासून वरपर्यंत. वर हुसेनभाईंच्या कापड बेतायच्या टेबलावर तो छोटा प्रिंटर, इन्व्हर्टरला जोडलेला. दोरीवर कपडे वाळत घालतात तसे लोकांचे कागद लटकलेले. रेशनकार्डं, आधार, सातबारे, दाखले. हुसेनभाई कोळशाच्या इस्त्रीने, मध्ये कापड घालून, एकेक कागद सुकवत होते. शकूताई तो काचेवर ठेवायच्या आणि प्रत काढून द्यायच्या. आवाज बसलेला. तरी तोंड चालू होतं.

"हा दाखला हाय का धिरडं? पुढचा. हे काय? लग्नाची पत्रिका? ही वाहून जाऊ द्यायची होतीस, बाबा, सुटला असतास."

मी बिस्किटं ठेवली आणि न सांगता कागद वाळत घालायला लागलो. तेवढ्यात रांगेतून एक म्हातारी पुढे आली. नदीकाठच्या आळीतली. तिने पदराच्या गाठीतून एक फोटो काढला. चिखलाने अर्धा खाल्लेला. नवऱ्याचा. घरातलं बाकी सगळं गेलं होतं.

"ह्याचा येक काढ गो. येवडाच हाय."

शकूताईंनी फोटो ओल्या बोळ्याने टिपला, काचेवर ठेवला, चांगला जाड कागद लावला. मग थांबल्या.

"आजी, पिवळी शाई नाय. रंग बिघडेल. काळ्यात काढू?"

"रंगातच काढ. काला त्यो जलमभर व्हता."

कागद हळूहळू बाहेर आला. आजोबा जांभळे आले होते. चेहरा जांभळा, टोपी निळसर, ओठ गर्द गुलाबी. शकूताईंचा हात कागदावरच. म्हातारीने फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"आगो, पिऊन आला की अस्साच दिसायचा!"

सगळी खोली फुटली. हुसेनभाईंनी इस्त्री बाजूला ठेवली. जिन्यावरचे लोक काय झालं म्हणून विचारू लागले आणि उत्तर ऐकून तेही हसू लागले. त्या घरात कितीतरी दिवसांनी कुणी हसत होतं. म्हातारी सगळ्यांत जास्त हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ती रडायलाच लागली.

शकूताईंनी चटकन तिच्या हातातला फोटो काढून उंच धरला.

"रडू नको गो, ओला होईल! ही शाई पाण्याने पसरते!" असं ओरडल्या, आणि दुसऱ्या हाताने तिला जवळ ओढून घेतलं. फोटो तसाच वर धरलेला. मी तो त्यांच्या हातातून घेतला आणि दोरीला लावला.

पुढे दुकान पुन्हा उभं राहिलं. मोठा लेझर उघडला तेव्हा आत गाळ आणि दोन खेकडे निघाले. त्यातला एक जिवंत होता. शकूताईंनी तो हुसेनभाईंच्या सुनेला कालवणासाठी दिला आणि यंत्र भंगारात. तसा मोठा लेझर त्यांनी परत घेतला नाही. लोक ऑनलाईन प्रिंटर मागवायला लागले, मागवून झाल्यावर त्यांच्याकडे दाखवायला आणायला लागले. त्या बघायच्या आणि म्हणायच्या, "लग्न झाल्यावर पत्रिका बघायला आलास?" पण जोडून द्यायच्या.

मग एका दुपारी चहावाल्याचा फोन आला, ताईंच्या छातीत दुखतंय, दवाखान्यात नेलंय.

मी पोचलो तेव्हा त्या कॉटवर उशीला टेकून बसल्या होत्या. हाताला सलाईन, अंबाडा सुटलेला. नवरा वसईहून निघाला होता, वाटेत होता. बोलायला त्यांना बंदी होती, म्हणून त्या खुणेने बोलत होत्या आणि खुणाही खवचट होत्या. मला बघून त्यांनी उशीखालून कागदाची एक लांब पट्टी काढली. हृदयाचा आलेख. गुळगुळीत गुलाबी कागद, त्यावर काळी वरखाली रेघ.

"मास्तर," त्या कुजबुजल्या, "ह्याची झेरॉक्स काढून आणा."

"कशाला? डॉक्टरांकडे आहे ना."

"हा उष्णतेवर उमटणारा कागद हाय. ह्याच्यात शाई नसते. काही दिवसांनी उडून जातं सगळं. उन्हात ठेवलं की कोरा." दम लागला, थांबल्या. "मी हाय तोपर्यंत रेघ राहायला पायजे ना."

नर्सने डोळे मोठे केले. मी पट्टी घेऊन खाली उतरलो. बाहेरच एक झेरॉक्सवाला होता. त्याने पट्टी तुकड्यातुकड्याने काचेवर ठेवून दोन पानांवर घेतली. मी ती घेऊन परत वर गेलो.

शकूताईंनी चष्मा शोधला, दोरी मानेत अडकली होती ती सोडवली. पानं हातात घेऊन खिडकीकडे वळल्या आणि उजेडात धरली. मला वाटलं, स्वतःच्या काळजाकडे बघताहेत. बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी पान माझ्याकडे वळवलं, आणि सुई टोचलेल्या हाताच्या तर्जनीने कडेच्या एका बारीक उभ्या रेघेवर टकटक केलं.

"झेरॉक्सवाल्याच्या मशीनमधल्या ड्रमला ओरखडा हाय," त्या म्हणाल्या. "सांगा त्याला. नाय बदलला तर सगळ्यांच्याच कागदावर उमटत राहील."